ब्रिटनचा काडीमोड आणि नाशिकची द्राक्षे

युरोपीय महासंघात राहावे की बाहेर पडावे, या प्रश्नावर ब्रिटनच्या जनतेने २३ जून २०१६ रोजी आपला कौल दिला. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, आत राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटनने महासंघाचा उंबरठा ओलांडला आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला संक्रमणकाळही संपला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले. त्या देशाच्या सार्वजनिक जीवनातील वाद मात्र निकालात निघाला नाही. डेव्हिड कॅमेरून, थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि कीर स्टार्मर असे सहा पंतप्रधान त्या देशाने २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत पाहिले. स्थैर्य आणि संयम यांचे धडे जगाला देणाऱ्या राष्ट्राची ही अवस्था पाहून आपल्याकडे काहींची करमणूक झाली, तर काहींना इतिहासाने उगवलेल्या सूडाचे समाधान लाभले. माणसाच्या स्वभावाला धरून दोन्ही ठीक आहे. पण नाशिक जिल्ह्याला एवढ्यावर थांबून चालणारे नाही. दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांतून द्राक्षांनी भरलेले वातानुकूलित कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे रवाना होतात. त्यांतले बरेचसे नेदरलँड्समधील रॉटरडॅमला उतरतात आणि लक्षणीय वाटा ब्रिटनच्या बाजारपेठेत जातो. युरोपातील घराची वाटणी झाली तेव्हा आपल्या बागायतदाराच्या दारातली वाटही दुभंगली. म्हणून या वादाकडे परक्याच्या घरातले भांडण म्हणून पाहण्याची चैन आपण करू नये.

भांडणाचे मूळ जुने आहे. युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश मिळावा म्हणून ब्रिटनने दार ठोठावले, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असे दोनदा ते उघडू दिले नाही. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी एडवर्ड हीथ यांच्या कारकिर्दीत ब्रिटन आत गेला. अवघ्या दोन वर्षांत, जून १९७५ मध्ये, तेथेच राहायचे का यावर सार्वमत झाले आणि ६७ टक्के मतदारांनी होकार भरला. त्या वेळी होकाराच्या प्रचारात मार्गारेट थॅचर पुढे होत्या. त्याच थॅचरबाईंनी सप्टेंबर १९८८ मध्ये बेल्जियममधील ब्रूज येथे भाषण करून, युरोपच्या नावाखाली एक नवे महाराज्य ब्रुसेल्समधून आपल्यावर सत्ता गाजवू पाहत असल्याचा इशारा दिला. बाई बदलल्या होत्या, तसा युरोपही बदलला होता. १९७५ मध्ये मतदारासमोर होती ती सामायिक बाजारपेठ; १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानंतर उभा राहिला तो स्वतःचे नागरिकत्व असलेला महासंघ. त्याची संसद होती, त्याचे न्यायालय होते आणि त्या न्यायालयाचा निर्णय वेस्टमिन्स्टरच्या कायद्यावर वरचढ ठरत होता. दुकानात भागीदारी म्हणून सही केली आणि काही वर्षांनी पाहतो तो घराच्या सातबाऱ्यावर भागीदाराचे नाव चढलेले, अशी अनेक सामान्य ब्रिटिश नागरिकांची भावना झाली. ती भावना खोटी नव्हती. आपल्यावर लागू होणारा कायदा कोणी करावा आणि करणाऱ्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार आपल्या हाती असावा की नसावा, हा लोकशाहीतला मुळाक्षराइतका प्राथमिक प्रश्न आहे.

या प्रश्नाला आत राहू इच्छिणाऱ्यांनी उत्तर दिले ते जमाखर्चाच्या वहीतून. बाहेर पडलात तर प्रत्येक कुटुंबाचे इतके नुकसान, पौंडाची इतकी घसरण, बँकांचे इतके स्थलांतर! आकडे सारेच चुकीचे नव्हते. परंतु स्वत्वाविषयी विचारणाऱ्याला किराणा मालाचा भाव सांगितला, तर तो उत्तर मिळाले असे समजत नाही. आपला अपमान झाला असे समजतो. दुसऱ्या बाजूने स्वत्वाची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी तरी कोठे सत्याची कास धरली? आठवड्याला ३५ कोटी पौंड आपण ब्रुसेल्सला धाडतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ, अशी घोषणा रंगवलेली लाल बस त्यांनी देशभर फिरवली. ब्रिटनला महासंघाकडून परत मिळणारी सूट आणि अनुदाने यात जमेस धरलेलीच नव्हती. तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे मतदानापूर्वीच सांगितले, तरी बस फिरतच राहिली. राष्ट्राच्या सार्वभौमत्वासारखा पवित्र विषय खोट्या हिशेबाच्या आधाराने मांडावा लागला, यातच त्या नेतृत्वाचे खुजेपण दिसते. प्रचाराचा ज्वर इतका चढला की मतदानाला आठवडा उरला असताना, १६ जून २०१६ रोजी, जो कॉक्स या मजूर पक्षाच्या खासदार महिलेची तिच्या मतदारसंघात हत्या झाली.

निकालानंतर लंडनच्या आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणाऱ्या आपल्याकडील विद्वानांनी एक सोपी मांडणी केली : शिकलेले, तरुण, जगाकडे मोकळेपणाने पाहणारे ते आत राहणारे, अडाणी, म्हातारे, संकुचित ते बाहेर पडणारे. मतदाराने आपल्या मनासारखे मत दिले नाही की त्याच्या बुद्धीवर शंका घ्यायची, ही रीत आपल्या परिचयाची आहे. लिंकनशायरमधील बॉस्टन या शेतीप्रधान भागात ७५.६ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, तर स्कॉटलंडमध्ये ६२ टक्क्यांनी आत राहण्याचा. हा शहाण्या-वेड्यांचा भेद म्हणावा काय? बॉस्टनच्या माणसाला वाटत होते की राजधानीत बसलेल्यांना आपले गाव नकाशावरही सापडणार नाही. हे दुःख समजून घ्यायला लिंकनशायरला जाण्याचे कारण नाही. २०२२ च्या अखेरीस आपल्याच नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरील काही आदिवासी गावांनी, आम्हांला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली होती. रस्ते, पाणी, वीज, दवाखाना यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालून थकलेली ती माणसे होती. त्यांचे महाराष्ट्रावरचे प्रेम आटले होते असे कोण म्हणेल? सीमेपलीकडचा डांबरी रस्ता रोज दिसत होता आणि अलीकडे कोणी विचारत नव्हते. मागणीची बातमी झाल्यावर अधिकारी आणि पुढारी त्या गावांकडे धावले. आधी धावले असते तर मागणी झालीच नसती. घर सोडण्याची भाषा ऐकू येते तेव्हा बोलणाऱ्याला फितूर ठरवण्यापूर्वी घरातल्यांनी त्याला शेवटचे कधी विचारले होते, हे पाहावे.

असे प्रश्न जनतेलाच विचारून सोडवावेत की नाही, यावरही ब्रिटनमध्ये बरेच चर्वितचर्वण झाले. सार्वमत हेच मुळात लोकानुनयाचे साधन, असा निष्कर्ष काहींनी काढला. आपला अनुभव वेगळा सांगतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे या बाजूचे चिन्ह होते फूल, केंद्रशासित राहावे या बाजूचे दोन पाने. फुलाला १ लाख ३८ हजार १७० मते पडली, दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१. फरक ३४ हजार २१ मतांचा. महाराष्ट्रातील कोट्यवधी मराठी मनांना तो निकाल बोचला, आणि बोचणे स्वाभाविक होते. पण तो मानला गेला. विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते भाऊसाहेब बांदोडकर यांचे सरकार कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून आधीच पायउतार झाले होते. कौल विरुद्ध गेल्यावर त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याच गोमंतकीय जनतेने त्याच भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केले. मतभेद राहिला, वैर राहिले नाही. हे साधले कशामुळे? लोकांचा समजूतदारपणा हे एक कारण, आणि दुसरे असे की संसदेने १९६६ मध्ये कायदा करून दोन्ही पर्याय नेमके आखून दिले होते. फुलावर शिक्का मारला तर काय होईल आणि पानांवर मारला तर काय होईल, हे म्हापशाच्या बाजारातल्या कोळिणीलाही ठाऊक होते. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर 'बाहेर पडावे' एवढेच छापलेले होते. बाहेर पडून जायचे कोठे? नॉर्वेसारखे महासंघाच्या बाजारपेठेत राहायचे, कॅनडासारखा केवळ व्यापारी करार करायचा, की काहीच न करता दार आपटून निघायचे? १ कोटी ७४ लाख माणसांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले आणि प्रत्येकाच्या मनातले 'बाहेर' वेगळे होते.

पुढची साडेतीन वर्षे मग त्या संसदेने जगाला जे दर्शन घडवले त्याची उजळणी करण्यात अर्थ नाही. थेरेसा मे यांचा करार सभागृहाने तीन वेळा फेटाळला, त्यातला पहिला तर २३० मतांच्या फरकाने. बोरिस जॉन्सन यांनी संसदच स्थगित केली, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी ती स्थगिती एकमुखाने बेकायदा ठरवली. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन यांना ८० जागांचे मताधिक्य मिळाले आणि गाडा पुढे सरकला.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. सूत्रे पुन्हा आपल्या हाती घ्या, ही बाहेर पडणाऱ्यांची मुख्य घोषणा होती. सूत्रे हाती आली. पण ती चालवणारे हात कोठे होते? युरोपने १ जानेवारी २०२१ या पहिल्या दिवसापासून ब्रिटिश मालाची संपूर्ण तपासणी सुरू केली. स्कॉटलंडच्या मासळी व्यापाऱ्यांचा ताजा माल कागदपत्रांच्या घोळात अडकला आणि त्याच महिन्यात त्यांनी आपले ट्रक थेट लंडनमध्ये संसदेच्या परिसरात आणून उभे केले. उलट बाजूने ब्रिटनला आपल्या सीमेवर युरोपीय अन्नमाल तपासण्याची व्यवस्था काही उभी करता येईना. मुदत एकामागून एक पुढे ढकलली गेली आणि प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली ती २०२४ मध्ये. ज्या सीमेसाठी एवढे रामायण घडले तिच्यावर तपासनीस उभे करायला तीन वर्षांहून अधिक काळ लागावा, याला काय म्हणावे? सार्वभौमत्वाचा ठराव एका रात्रीत होतो. त्याला लागणारे पशुवैद्य, रसायनतज्ज्ञ, जकात अधिकारी आणि प्रयोगशाळा एका रात्रीत होत नाहीत. सत्तेचाळीस वर्षे ही कामे ब्रुसेल्सकडे सोपवलेली होती. बसून राहिलेला पाय जमिनीवर टेकवला की मुंग्या येणारच.

आयर्लंडचा तिढा याहून अवघड होता. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, उरलेला आयर्लंड महासंघात, आणि दोहोंमध्ये सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा. तीन दशकांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या करारामुळे या सीमेवरच्या चौक्या गेल्या होत्या. त्या पुन्हा उभारणे म्हणजे निखाऱ्यावर फुंकर घालणे. म्हणून तोडगा निघाला तो असा की मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड युरोपचे नियम पाळील आणि तपासणी समुद्राच्या अलीकडे होईल. म्हणजे देशाचाच एक भाग देशाच्या दुसऱ्या भागापासून जकातीने वेगळा झाला. फेब्रुवारी २०२३ मधील विंडसर समझोत्याने त्याची धार काहीशी बोथट केली, एवढेच. या तिढ्याचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. फळांवर राहणाऱ्या कीटकनाशकांच्या अंशाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटन स्वतः ठरवू लागला. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र युरोपचीच मर्यादा कायम राहिली. मोहाडीच्या बागेतली एक पेटी लंडनला गेली तर एक नियम आणि त्याच वेलीची दुसरी पेटी बेलफास्टला गेली तर दुसरा, अशी स्थिती झाली. दोन्ही शहरांवर ध्वज एकच.

नियम दुसऱ्याने करायचे आणि आपण पाळायचे, ही स्थिती ब्रिटनला नवी असेल; नाशिकच्या बागायतदाराचा तो नित्याचा अनुभव आहे. ब्रुसेल्समध्ये त्याचे मत नाही, त्याचा प्रतिनिधी नाही. तरीही कोणते औषध केव्हा फवारायचे आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे तेथे ठरते. या व्यवस्थेची सर्वांत कडू आठवण २०१० च्या हंगामाची आहे. एप्रिल छाटणीनंतर फुटींचा अवास्तव जोम आवरावा आणि घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक आपल्याकडे वापरले जाई. बागायतदारांच्या बोलण्यात ते 'सीसीसी'. युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे हजार टन द्राक्षांत पन्नास ग्रॅम. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे त्या यादीत हे नाव तोवर नव्हते. जे शोधलेच नाही ते सापडणार कसे? माल बंदरात अडकला, भाव कोसळले, कित्येकांना मालाचे पैसे मिळाले नाहीत. द्राक्षबाग म्हणजे मांडव, ठिबक, औषधे, मजुरी यांवर वर्षभर ओतलेला पैसा. तो बहुधा सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा. एका हंगामाने अनेक घरे काही वर्षे मागे नेली. त्या वेळी निर्यातदार, औषध विक्रेते आणि सरकारी यंत्रणा यांनी एकमेकांकडे बोटे दाखवण्यात जो वेळ घालवला, तो आजही निफाडच्या पारावर विषय निघाला की ऐकायला मिळतो.

पण या जिल्ह्याने रडगाणे गात बसण्याचे नाकारले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. त्याची पायाभरणी आधीच झालेली होती. द्राक्ष उत्पादक सहकारी संस्थांनी एकत्र येऊन १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' उभी केली होती. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले होते. 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने २००६ पासून 'ग्रेपनेट' ही व्यवस्था आणली : प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, प्रत्येक बागेला क्रमांक, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून त्या बागेच्या घडांची तपासणी, आणि परदेशातल्या दुकानातील पेटीवरून उलट माग काढत बागेपर्यंत पोहोचण्याची सोय. २०१० च्या फटक्यानंतर तपासणीची यादी वाढली आणि शिस्त कडक झाली. कोणती औषधे चालतील आणि तोडणीआधी किती दिवस त्यांचा वापर थांबवावा, याचे 'ॲनेक्श्चर पाच' नावाचे कोष्टक आज दिंडोरीतल्या दहावी झालेल्या बागायतदारालाही तोंडपाठ असते. शेतकऱ्यांच्या मालकीची 'सह्याद्री' ही उत्पादक कंपनी मोहाडीत त्याच काळात उभी राहिली आणि द्राक्ष निर्यातीत देशात अग्रेसर झाली. कोणाच्या मेहेरबानीवर विसंबून न राहता, तुमचा नियम तुमच्याइतकाच काटेकोर पाळून दाखवतो आणि तुमच्या प्रयोगशाळेआधी माझी प्रयोगशाळा बोलेल, अशी ही भूमिका आहे. आमच्या मते स्वावलंबनाचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही.

ब्रिटन आता याच वाटेवर येऊन पोहोचला आहे, फक्त उलट दिशेने. १९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये महासंघाबरोबर जी शिखर बैठक झाली तीत अन्नपदार्थ, पशुजन्य माल आणि वनस्पती यांच्या व्यापारातील तपासण्या कमी व्हाव्यात म्हणून ब्रिटनने या क्षेत्रातील युरोपचे नियम, ते जसे बदलतील तसे, पाळत राहण्याची तयारी दाखवली. त्याच बैठकीत ब्रिटिश सागरातील मासेमारीची युरोपीय नौकांना असलेली सवलत २०३८ पर्यंत वाढवली गेली. नियम करण्याच्या खोलीतील खुर्ची २०२० मध्ये सोडली. नियमांची प्रत मात्र पुन्हा मागवून घ्यावी लागली. यावरून बाहेर पडणे हाच मूर्खपणा होता, असा निष्कर्ष काढणारे उतावळे आहेत. मालाचे नियम गिऱ्हाईक ठरवतो, मतदार ठरवत नाही, ही गोष्ट बाहेर पडण्याच्या पुरस्कर्त्यांनी लोकांना सांगितली नाही, हा खरा आक्षेप आहे. तेथील अंदाजपत्रकीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या अंदाजानुसार महासंघात राहिल्याच्या तुलनेत देशाची दीर्घकालीन उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. हा स्वातंत्र्याचा खर्च आहे असे सांगून, तो मान्य आहे का, असे जनतेला विचारता आले असते. कदाचित जनतेने हो म्हटलेही असते. बस रंगवण्याऐवजी एवढे धैर्य दाखवायला हवे होते.

परदेशी माणसांच्या लोंढ्याबाबतही असेच घडले. युरोपातून येणाऱ्यांची संख्या घटली. पण जून २०२३ ला संपलेल्या वर्षात देशातील निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या पुढे गेले. त्यांत भारतीयांचा वाटा मोठा होता. पुण्या-नाशिकच्या किती तरी घरांतील मुले-मुली याच काळात शिक्षणासाठी आणि रुग्णालयांतील नोकऱ्यांसाठी तेथे गेली. मग जनतेचा संताप वाढला आणि दार लोटले जाऊ लागले. जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास मनाई झाली. एप्रिलपासून कुशल कामगाराच्या वेतनाची किमान अट ३८ हजार ७०० पौंडांवर गेली. शिक्षणकर्ज काढून मुलांना तेथे धाडणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय पालकांनी हे ध्यानात घ्यावे. त्या देशाला अद्याप स्वतःचे मन कळलेले नाही, आणि ज्याला स्वतःचे मन कळलेले नाही त्याच्या पाहुणचाराचा भरवसा धरून घराचा हिशेब मांडू नये.

भारताने असा प्रसंग एकदा वेळीच ओळखला. पूर्व आशियातील देशांच्या 'आरसेप' या व्यापारी गटात सामील होण्याची बोलणी सुमारे सात वर्षे चालली होती. चिनी मालाचा पूर आणि न्यूझीलंडच्या दूधपावडरीचे संकट यांविषयी स्वदेशी जागरण मंचापासून दूध सहकारी संस्थांपर्यंत अनेकांनी आवाज उठवला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारत या गटात येणार नाही, असे जाहीर केले. जागतिकीकरणाच्या भाटांनी त्या वेळी केवढा गहजब केला! उरलेल्या पंधरा देशांनी वर्षभराने करार केला. आपण साखरपुडा मोडला. ब्रिटनला सत्तेचाळीस वर्षांच्या संसारानंतर काडीमोड घ्यावा लागला. साखरपुडा मोडताना चार नातेवाईक नाराज होतात. संसार मोडताना भांडीकुंडी, शेत, पोरे, सगळ्यांची वाटणी करावी लागते. सही करण्यापूर्वी भांडावे, कडकडून भांडावे, हे शहाणपण तेव्हा आपल्या समाजाने दाखवले.

आता सह्या होत आहेत, म्हणून हे बोलणे अगत्याचे आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात सर्वंकष व्यापार करार झाला. भारतातून जाणाऱ्या मालाच्या ९९ टक्के प्रकारांवरील शुल्क त्यात शून्य होणार आहे. आपण व्हिस्कीवरील १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणू. दुग्धजन्य पदार्थ आपण बाहेर ठेवले, हे योग्यच झाले. महासंघात असता तर ब्रिटनला असा स्वतंत्र करार करता आला नसता, ही बाहेर पडणाऱ्यांची जमेची बाजू त्यांना दिली पाहिजे. अर्थात २००७ पासून रेंगाळलेल्या महासंघाबरोबरच्या वाटाघाटीही पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत झाली, तेव्हा ब्रिटनची ही आघाडी काही महिन्यांचीच ठरली. शुल्क घटले की द्राक्षांना दक्षिण आफ्रिका आणि चिली यांच्याशी बरोबरीने स्पर्धा करता येईल, या अपेक्षेने जिल्ह्यात उत्साह आहे. उत्साह असावा. पण शुल्काची भिंत खाली आली तरी नियमांची भिंत जागच्या जागी आहे, आणि ती आता एकीच्या दोन झाल्या आहेत. बंदरात कंटेनर अडवणारी भिंत बहुधा दुसरी असते. २०१० मध्ये शुल्कामुळे कोणाचे कंटेनर अडले नव्हते.

दार आपटण्याचा दोष परक्यांच्याच माथी मारता येत नाही, हेही लासलगावकडे पाहून कबूल करावे लागते. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये किमान मूल्य आणि शुल्क यांच्या अटीवर ती उघडली आणि शेवटचे २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी गेले. शहरातील ग्राहकाची चिंता सरकारला असणे रास्त आहे. पण परदेशी खरेदीदार असा वर्षभर ताटकळत नाही. तो दुसरीकडे जातो, आणि त्याला परत आणायचे कष्ट शेतकऱ्याच्या वाट्याला येतात. करारांची भाषा करणाऱ्या देशाने आपल्याच उत्पादकाशी दर चार महिन्यांनी करार मोडू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. लंडनच्या आणि रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी आपण जी काटेकोर व्यवस्था उभी केली, ती आपल्या माणसासाठी कोठे आहे? अन्नातील रसायनांच्या कमाल मर्यादा आपल्या देशातही कायद्याने ठरलेल्या आहेत. परंतु बागेगणिक नोंदणी, तोडणीपूर्वी सक्तीची तपासणी आणि पेटीवरून बागेचा माग ही साखळी निर्यातीच्या मालापुरतीच आहे. नापास झालेला माल देशी बाजारात जातो, की नष्ट होतो, की बेदाण्याच्या शेडवर जातो, हे त्या बागेच्या मालकाखेरीज कोणी सांगू शकत नाही. ब्रिटिश आईने आपल्या लेकराच्या डब्यात निश्चिंत मनाने घातलेली द्राक्षे नाशिक रोडच्या आईने मिठाच्या पाण्यात तीनतीनदा धुऊन घालावीत, हे स्वाभिमानी राष्ट्राला शोभत नाही. प्रयोगशाळा आहेत, तज्ज्ञ आहेत, शिकलेला बागायतदार आहे. उणीव आहे ती आपल्या ग्राहकाला परदेशी ग्राहकाइतकी किंमत देण्याची. राज्य शासनाने निदान पिंपळगाव बसवंत आणि नाशिक या बाजार समित्यांपासून आरंभ करावा : आवारातच नमुने घेण्याची सोय, खर्चाचा भार शासन आणि बाजार समिती यांच्यावर, बागायतदारावर नाही, आणि निकाल फलकावर. द्राक्ष बागायतदार संघाने यात पुढाकार घेतला तर त्याला विरोध करण्याचे धाडस कोणाला होणार नाही. ऑक्टोबर छाटणी उरकली की निर्यातीच्या बागांची नोंदणी सुरू होते. त्याच सुमारास देशी बाजाराची पहिली वही उघडता येईल.